अकरा दिवस ट्रिपल निगेटिव्ह

स्तनातल्या कॅन्सरच्या गाठीचं ऑपरेशन होऊन नऊ दिवस झाले होते. टाके सुकत आले होते, हात हळूहळू खांद्याच्या वर जायला लागला होता. काखेतल्या ग्रंथी स्वच्छ निघाल्याचं सर्जननी आधीच कानावर घातलं होतं, त्यामुळे अंतिम रिपोर्ट आणायला मी जवळजवळ निर्धास्त गेले. पहिलं पान बरंच होतं. गाठ १.८ सेंटिमीटर, ग्रेड २, कडा मोकळ्या, काखेतल्या दोन ग्रंथी तपासल्या, दोन्हींत कॅन्सर नाही. दुसऱ्या पानावर चारच ओळी होत्या. ईआर निगेटिव्ह. पीआर निगेटिव्ह. हर-टू १+. केआय-६७ १२ टक्के.

हर-टू १+ म्हणजे निगेटिव्हच धरतात हे मला ठाऊक होतं, कारण गाठ हाताला लागल्यापासून मी वाचतच होते. म्हणजे तिन्ही निगेटिव्ह. मुलगी शेजारी उभी होती. तिनं कागद माझ्या हातातून घेतला, वाचला, आणि काही न बोलता घडी घालून पिशवीत ठेवला.

या शब्दांशी ज्यांचा कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. स्तनाच्या कॅन्सरच्या बहुतेक गाठींना वाढायला इस्ट्रोजेन लागतं. पेशीच्या केंद्रकात इस्ट्रोजेनला धरून ठेवणारं एक प्रथिन असतं, ते ईआर. ते असेल तर इस्ट्रोजेनची रसद तोडणारी गोळी वर्षानुवर्षं घेता येते. पीआर त्याच्या मागोमाग येतं. ईआरची यंत्रणा चालू असेल तर पेशी पीआर बनवते, म्हणून पीआर दिसणं ही ती यंत्रणा जिवंत असल्याची खूण. हर-टू पेशीच्या आवरणावर असतं आणि पेशीला 'वाढ' असा हुकूम देत राहतं. त्याच्यावर वेगळी औषधं आहेत. तिन्ही नसतील तर गोळी नाही, हर-टूवरचं इंजेक्शन नाही, आणि सारी भिस्त मुख्यतः केमोवर. अशी गाठ परत यायची असेल तर बहुधा पहिल्या तीनेक वर्षांत परत येते, हेही मी वाचलं होतं. वाचलं नसतं तर बरं झालं असतं असं त्या रात्री वाटलं, पण ते खरं नाही. वाचलं होतं म्हणूनच पुढे नीट प्रश्न विचारता आले.

माझं वय ५७. साठीच्या आत ट्रिपल निगेटिव्ह निघालं की बीआरसीए जनुकांची तपासणी करायला सांगतात, कारण या जनुकांत, विशेषतः बीआरसीए-१ मध्ये, दोष असलेल्या बायकांत या प्रकारच्या गाठी जास्त दिसतात. असा दोष आईकडून मुलीकडे जाण्याची शक्यता निम्मी. म्हणजे त्या चार ओळी माझ्यापुरत्या राहिल्या नाहीत, मुलीच्या अंगावरही गेल्या. त्या दिवसांत मला तिच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. रक्त दिलं, काही आठवड्यांनी अहवाल आला, दोष सापडला नाही. तो विषय तिथं संपला, पण ते आठवडे काही परत मिळाले नाहीत.

केमोची आखणी करायला ऑन्कॉलॉजिस्ट डॉक्टरबाईंकडे गेले तेव्हा मनाची तयारी झालेली होती. केस जाणार, किती सायकल, कामावरून किती दिवस रजा, सगळं वहीत लिहून नेलं होतं. त्यांनी रिपोर्ट वाचला, पुन्हा पहिल्या पानावर गेल्या, पुन्हा दुसरं पान उलटलं.

"ताई, पहिलं पान एक सांगतंय आणि दुसरं दुसरंच," त्या म्हणाल्या. "ट्रिपल निगेटिव्ह गाठी बहुतेक ग्रेड ३ च्या असतात, पेशी भराभर वाढणाऱ्या असतात. तुमची ग्रेड २ आहे आणि केआय-६७, म्हणजे वाढत्या पेशींचं प्रमाण, फक्त १२ टक्के. असं असूच शकत नाही असं मी म्हणत नाही. पण हे ब्लॉक आणि स्लाइड मला दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून बघून हवेत. बायोप्सीचा ब्लॉकसुद्धा." ब्लॉक म्हणजे गाठीचा तुकडा ज्यात बसवून ठेवतात तो मेणाचा ठोकळा.

मी म्हटलं, "उशीर नाही ना होणार?"

"ऑपरेशननंतर केमो सुरू करायला काही आठवडे हाताशी असतात. चुकीच्या रोगावर वेळेत केमो देऊन काय करू?"

हे वाक्य मी त्याच दिवशी वहीत उतरवून ठेवलं.

बायोप्सीच्या वेळी माझ्या गाठीत कॅन्सर आहे की नाही एवढंच बघितलं होतं, रिसेप्टर, म्हणजे ईआर, पीआर आणि हर-टू, ऑपरेशननंतर बघू असं ठरलं होतं. आता मला कळतं की शक्य असेल तिथं ही तपासणी बायोप्सीच्या तुकड्यावरच करून घ्यावी. तो तुकडा शेवयीसारखा बारीक असतो, तो खराब होऊ नये म्हणून ज्यात ठेवतात ते फॉर्मॅलिन त्यात चटकन आणि सारखं मुरतं.

दुसऱ्या लॅबमधल्या पॅथॉलॉजिस्टनी मला स्लाइड बघायची आहे का असं विचारलं. आपण असं विचारू शकतो हे मला सुचलंही नसतं. त्यांच्याकडे दोघांना एकाच वेळी बघता येईल असा मायक्रोस्कोप होता. एका बाजूला त्या, दुसऱ्या बाजूला मी. सुरुवातीला मला माझ्याच पापण्या दिसत होत्या. मग डोळा बसला आणि निळ्या ठिपक्यांचं एक शेत दिसायला लागलं.

"ही तुमच्या गाठीची पहिली ईआर स्लाइड. ईआर असेल तर केंद्रक तपकिरी होतं. नसेल तर असं निळंच राहतं." त्यांनी स्लाइड हळूच सरकवली. निळं, निळं, सगळं निळं. मग एक गोल कडं दिसलं, आत पोकळी आणि भोवती पेशींची नीटस रांग. "ही तुमची निरोगी दुग्धनलिका. गाठीच्या शेजारचीच. हिच्यात कॅन्सर नाही. आता सांगा, हिचा रंग कोणता?"

"निळाच."

"तोच तर घोटाळा आहे. निरोगी नलिकेतल्या काही पेशींत ईआर असतंच असतं. सगळ्या नाही, पण अधूनमधून तपकिरी केंद्रकं दिसायलाच हवीत. इथं एकही नाही. म्हणजे तुमच्या गाठीत ईआर नाही असं ही स्लाइड सांगत नाहीये. या तुकड्यावर रंगच चढला नाही, एवढंच ती सांगतेय."

मी डोळा काढला नाही. ते निळं कडं मी किती वेळ बघत होते कोण जाणे. पहिला रिपोर्ट लिहिणाऱ्यांच्या नजरेसमोरही ते असणार. शेजारची निरोगी नलिका हीच तपासणीची पहिली साक्षीदार असते, आणि ती गप्प असेल तर निकाल देता येत नाही, पुन्हा तपासावं लागतं. त्या रिपोर्टात कंट्रोलबद्दल, म्हणजे या साक्षीदाराबद्दल, एक अक्षरही नव्हतं.

रंग का चढला नसेल? त्यांनी ऑपरेशनबरोबर आलेला फॉर्म दाखवला. त्यावर दोन चौकटी होत्या. गाठ शरीरातून काढल्याची वेळ आणि ती फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची वेळ. दोन्ही रिकाम्या. गाठ बाहेर आली की तिचा रक्तपुरवठा तुटतो आणि आतली प्रथिनं खराब व्हायला लागतात, म्हणून एका तासाच्या आत ती कापून फॉर्मॅलिनमध्ये जायला हवी, आणि त्यात किमान ६ तास, जास्तीत जास्त ७२ तास राहायला हवी. कमी झालं तरी वाईट, जास्त झालं तरी वाईट. माझं ऑपरेशन जोडून आलेल्या सुट्ट्यांच्या आदल्या संध्याकाळी झालं होतं. चौकशी केल्यावर कळलं ते असं: चरबीसकट काढलेला अख्खा गोळा न कापता बरणीत टाकला गेला आणि सुट्ट्या संपल्यावर उघडला गेला. फॉर्मॅलिन बाहेरून आत अगदी सावकाश सरकतं, साधारण तासाला एक मिलिमीटर. बाहेरचा भाग मुरत होता तेव्हा मधोमध बसलेली गाठ तशीच होती.

मला राग आला आणि तो अजूनही आहे. कुणी मुद्दाम केलं नाही हे मला समजतं. पण पुढची पाच-दहा वर्षं कोणतं औषध घ्यायचं हे ज्या तुकड्यावरून ठरणार, त्याची वेळ लिहायला दोन चौकटी असतात आणि त्या भरायला अर्धं मिनिटही लागत नाही. मी त्या ठिकाणी पत्र लिहिलं, त्या रिकाम्या चौकटींची प्रत जोडून. उत्तर आलं, दिलगिरी आली. मला दिलगिरी नको होती, चौकटी भरलेल्या हव्या होत्या.

बायोप्सीच्या ब्लॉकवर ईआर पुन्हा केलं. पहिला रिपोर्ट हातात पडल्यापासून अकराव्या दिवशी फोन आला. मी मुद्दाम जाऊन तीही स्लाइड बघितली. या वेळी सगळं शेत तपकिरी होतं, ओल्या मातीसारखं, आणि कोपऱ्यातल्या निरोगी नलिकेतही मधूनमधून तपकिरी ठिपके होते, असायला हवेत तसेच. ऑलरेड गुणांत ८ पैकी ८. किती पेशी रंगल्या याचे ५ आणि रंग किती गडद याचे ३. पीआर ६. मुलगी या वेळीही बरोबर होती. तिनं मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि तिथंच रडायला लागली.

पण एक गोष्ट सुटली तशी दुसरी गुंतली. नव्या तपासणीत हर-टू १+ ऐवजी २+ आलं. २+ म्हणजे धड हो नाही, धड नाही नाही. मग 'फिश' नावाची तपासणी करतात. तिच्यात प्रथिनाऐवजी थेट जनुकाच्या प्रती मोजतात. अंधारात चमकणारे लाल ठिपके हर-टू जनुकाचे आणि हिरवे ठिपके ते ज्याच्यावर असतं त्या १७ व्या गुणसूत्राचे. पेशीपेशीतले ठिपके मोजून गुणोत्तर काढायचं. २ किंवा त्याहून जास्त आलं आणि जनुकाच्या प्रतीही वाढलेल्या असल्या तर पॉझिटिव्ह. माझं १.२ आलं. निगेटिव्ह.

त्या मधल्या दिवसांत एक गोष्ट कळली, ती मला फार मोलाची वाटते. अमेरिकेतले संशोधक डेनिस स्लेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवलं की ज्यांच्या गाठींत हर-टू जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतात त्या बायकांचा रोग लवकर उलटतो आणि त्या कमी जगतात. तेव्हा तो मार्कर म्हणजे नुसती वाईट बातमी होती. मग त्याच प्रथिनावर नेम धरणारं ट्रास्टुझुमॅब आलं, १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, आणि जी खूण सर्वांत भीतीची होती तीच औषधाचा दरवाजा झाली. डॉक्टरबाई मला हेच समजावत होत्या. मार्कर दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. एक, काहीच केलं नाही तर हा रोग कसा वागेल. दोन, हे विशिष्ट औषध दिलं तर या गाठीवर चालेल का. कधी एकाच मार्करकडे दोन्ही उत्तरं असतात, कधी एकच. आपण बहुतेक वेळा पहिला प्रश्न घेऊन जातो, "परत येईल का हो?" आणि उपचार मात्र दुसऱ्याच्या उत्तरावर ठरतात.

केआय-६७ नव्या तपासणीत २० टक्के आलं. १२ आणि २०, एकाच बाईची एकच गाठ. हे प्रथिन विभाजनाच्या तयारीतल्या पेशींत दिसतं, म्हणून किती टक्के पेशी वाढत आहेत याचा तो अंदाज. पण कुठल्या भागातल्या पेशी मोजायच्या, फिका रंग धरायचा की सोडायचा, यावर आकडा हलतो. ५ च्या खाली किंवा ३० च्या वर असेल तर त्यावर विसंबता येतं, मधल्या पट्ट्यात दोन लॅबचे आकडे वेगळे येणं नेहमीचं. मी नेमकी त्या मधल्या पट्ट्यात. या नावाचं मला उगाच कुतूहल वाटायचं. जर्मनीतल्या कील (Kiel) शहरात हे काम झालं म्हणून 'केआय' (Ki), आणि ज्या तबकडीच्या ६७ व्या खळग्यात हे प्रथिन ओळखणारं प्रतिपिंड बनवणारी पेशी सापडली म्हणून ६७. १९८३ मध्ये कुणीतरी एका खळग्याला दिलेला क्रमांक माझ्या कागदावर येऊन बसला होता.

आता चित्र असं होतं: ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह, ग्रंथी स्वच्छ. गोळी घ्यायची हे नक्की. प्रश्न एवढाच की गोळीबरोबर केमोही हवी का. ग्रेड २ आणि केआय-६७ २० यावरून कुणी हो म्हणालं असतं, कुणी नाही. म्हणून २१ जनुकांची तपासणी करायचं ठरलं, ऑन्कोटाइप डीएक्स. इतरही आहेत. ७० जनुकांची मॅमाप्रिंट आहे, ती कमी धोका की जास्त धोका एवढं दोनांत सांगते. ५० जनुकांवर बेतलेली प्रोसिग्ना आहे. ऑन्कोटाइपच्या २१ मधली १६ जनुकं कॅन्सरच्या वागण्याशी संबंधित आणि ५ तुलनेसाठी. वाढीच्या गटातली जनुकं जोरात असली तर गुण वर जातो, इस्ट्रोजेनच्या गटातली जोरात असली तर खाली येतो. गुण ० ते १००, जितका जास्त तितका रोग उलटायचा धोका जास्त.

ब्लॉक पाठवायच्या आधी पॅथॉलॉजिस्टनी एक काळजी घेतली. सुई जिथं शिरली होती तिथं जखम भरून येताना निरोगी पेशीही भराभर वाढत असतात, आणि तो भाग तपासणीत गेला तर गुण खोटाच वाढू शकतो. म्हणून ऑपरेशनचा ब्लॉक बाजूला ठेवून त्यांनी बायोप्सीचाच निवडला आणि स्लाइडवर पेनानं गाठीच्या भागाभोवती रेघ ओढून दिली. त्या बारीकशा तुकड्यात पुरेसा नमुना उरला आहे की नाही याची धाकधूक होती. पुरला.

गुण १७ आला. त्याच कागदावर ईआर जनुकाचा वेगळा आकडाही असतो. ६.५ पासून पुढे पॉझिटिव्ह, आणि माझा १०.१. मला खरं तर १७ पेक्षा त्या १०.१ नं जास्त धीर दिला. रंगाच्या तपासणीवरचा माझा विश्वास एकदा उडाला होता. आता रंगाशी काहीही संबंध नसलेल्या वेगळ्या पद्धतीनं तेच उत्तर दिलं होतं.

१७ चा अर्थ लावायला टेलरएक्स नावाचा मोठा अभ्यास आहे. त्याचे निकाल २०१८ मध्ये आले. दहा हजारांहून जास्त बायका त्यात होत्या, सगळ्या ईआर किंवा पीआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह, ग्रंथी स्वच्छ असलेल्या, म्हणजे माझ्यासारख्याच. ११ ते २५ गुण असलेल्यांचे दोन गट केले, एकाला फक्त हार्मोनचं औषध, दुसऱ्याला त्याबरोबर केमो. नऊ वर्षांनी दूरच्या अवयवात रोग न पसरलेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात ९४.५ टक्के आणि दुसऱ्यात ९५.० टक्के. पन्नाशीच्या आतल्या बायकांचं थोडं वेगळं आहे, त्यांच्यात गुण १६ ते २५ असेल तर केमोचा काहीसा फायदा दिसला. डॉक्टरबाईंनी मला आधी पाळी कधी गेली ते नीट विचारून घेतलं आणि मगच हे आकडे समोर ठेवले.

धाकटी बहीण म्हणाली, "ताई, घेऊन टाक ना केमो. पुढे चुटपुट नको." तिचा जीव माझ्यात अडकलेला होता हे मला कळत होतं. मी तिला ते दोन आकडे एकाखाली एक लिहून दाखवले. "यातला अर्धा टक्का कुठला ते तरी सांग." ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पण उरलेल्या पाच-साडेपाचांत तू असलीस तर?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि डॉक्टरबाईंकडेही नव्हतं. त्या शंभरातली मी कुठली हे कुठलीच तपासणी सांगत नाही. केमो घेतली असती तरी दुसऱ्या गटातल्या पाचांत मी असूच शकले असते. माझ्यासारख्या बायकांना केमोनं वेगळं काही मिळालं नाही, एवढं ती नक्की सांगते. मी केमो न घ्यायचं ठरवलं. बहिणीनं त्यानंतर विषय काढला नाही.

रेडिएशन झालं, ते पार पडलं. आता इस्ट्रोजेनची रसद तोडणारं लेट्रोझोल सुरू आहे, रोज एक गोळी. सकाळी बोटं आखडतात, हाडांची घनता तपासत राहावी लागते. ईआर पॉझिटिव्ह गाठीचा स्वभाव ट्रिपल निगेटिव्हपेक्षा वेगळा, ती घाई करत नाही. पाच वर्षं हार्मोनचं औषध घेऊन ठणठणीत असलेल्या बायकांचा २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास आहे. त्यात दोन सेंटिमीटरपर्यंतची गाठ आणि स्वच्छ ग्रंथी असलेल्यांमध्येही पाचव्या ते विसाव्या वर्षात १३ टक्क्यांना रोग दूर कुठेतरी उलटला होता. म्हणून गोळी पाच वर्षांनी थांबवायची की पुढे न्यायची हा प्रश्न तेव्हा पुन्हा समोर येईल. आत्ता गोळी चुकवायची नाही एवढं माझ्या हातात आहे, आणि आजवर एकही चुकवलेली नाही.

दोन्ही ब्लॉक मी लॅबमधून परत मागून घेतले. पॅथॉलॉजिस्ट म्हणाल्या, नीट ठेवा, कधी लागले तर यावर पुन्हा तपासण्या होऊ शकतात. नखाएवढा मेणाचा तुकडा, प्लॅस्टिकच्या चौकटीत बसवलेला, कडेला पेन्सिलीनं लिहिलेला नंबर. बायोप्सीच्या ब्लॉकमध्ये मेणाच्या आत एक बारीक फिकट रेघ दिसते, तीच ती. इतके काप काढल्यावर आता ती जेमतेम उरली आहे. उन्हाची झळ लागणार नाही अशा कप्प्यात पाकिटं ठेवली आहेत. एकावर मी लिहिलंय, 'ऑपरेशनचा, फॉर्मॅलिनची वेळ नोंदलेली नाही'. दुसऱ्यावर, 'बायोप्सीचा, रिसेप्टर यावरच करावेत'. मुलीला तो कप्पा दाखवून ठेवला आहे.